गावातल्या झगड्यावर गेम किंवा कॉमिक करताय? कामाचा क्रम असा लावा

स्वतःच्या घरातल्या किंवा गावातल्या दुःखावर गेम करायला बसणारी बहुतेक मुलं-मुली पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर डाउनलोड करतात. मग सुरुवातीची स्क्रीन देखणी होते, नायकाचं चित्र होतं, पार्श्वसंगीत मिळतं आणि काम तिथेच थांबतं. कॉमिकचंही तेच. पहिल्या पानावर भेगाळलेली जमीन, दुसऱ्यावर आभाळाकडे पाहणारा म्हातारा, तिसऱ्या पानावर काय काढायचं ते सुचत नाही.

यात हुशारी कमी पडत नाही, क्रम उलटा लागलेला असतो. आधी माणूस, मग परवानगी, मग नियम, मग कागद, मग गावातली चाचणी. संगणक या सगळ्यानंतर. झगडा पात्रांच्या तोंडी भाषण म्हणून घालू नका, तो खेळाच्या नियमात बसवा. खेळणाऱ्याला जिथे अडल्यासारखं वाटतं, तिथे त्याला गोष्ट कळते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण वापरते. वर्ध्याकडच्या एका खेड्यातली बाई, नवरा वारलेला, चार एकर कपाशी, हंगामात दुसऱ्यांच्या शेतात वेचणीची मजुरी, दोन लेकरं, घरात सासू-सासरे आणि शेजारी दीर. तिला सात-बाऱ्यावर नाव चढवायचं आहे. बाई रचलेली आहे, कागदपत्रांची वाट खरी आहे.

## टप्पा १. विषय सोडा, अडलेली जागा धरा

‘शेतकरी आत्महत्या’ हा विषय झाला. ‘नवऱ्याच्या मागे जमिनीवर नाव लावायचं, पण तलाठी कार्यालयात जायचं तर त्या दिवसाची वेचणी बुडते’ ही अडलेली जागा झाली. कामाला अडलेली जागाच लागते.

वहीत एक वाक्य लिहा. त्यात चार गोष्टी हव्यात: कोण, त्याला काय हवं, आडवं काय येतं आणि प्रत्येक प्रयत्नाला काय मोजावं लागतं. चौथी गोष्ट लिहिता आली नाही तर तुम्हाला अजून पुरेसं माहीत नाही. परत जा आणि विचारा.

आणखी दोन उदाहरणं देते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतमजूर दगावले. त्यावर काम करायचं तर ‘कीटकनाशकांचे दुष्परिणाम’ हे शीर्षक उपयोगाचं नाही. पंप पाठीवर आहे, कपाशी डोक्याइतकी वाढली आहे, उकाड्यात तोंडाचा रुमाल सहन होत नाही, ठेका एकरावर घेतलेला आहे, म्हणून थांबलं की मजुरी कमी. इथे गेम सुरू होतो. चंद्रपूरकडे तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम काही दिवसांचा. पहाटे जंगलात लवकर शिरलं तर पुडे जास्त होतात, पण वाघाची भीतीही त्याच वेळेला जास्त. हीसुद्धा अडलेली जागाच.

तपासा: तुमचं वाक्य एखाद्या अनोळखी माणसाला ऐकवा. तो ‘मग तिनं काय केलं?’ असं म्हणाला तर पुढे चला. ‘हो ना, फार वाईट परिस्थिती आहे’ म्हणाला तर तुमच्या हातात अजून विषयच आहे.

## टप्पा २. गेम की कॉमिक, हे आत्ताच ठरवा

माणसासमोर दोन-तीन वाटा होत्या आणि प्रत्येकीची किंमत वेगळी होती, तर गेम करा. वाट नव्हतीच, फक्त सोसायचं होतं, तर कॉमिक करा.

आपल्या बाईला पुतण्याच्या हळदीला मांडवात मागे उभं राहायला सांगतात. इथे ‘पुढे जा’ आणि ‘मागे राहा’ अशी दोन बटणं देणं चुकीचं आहे. बटण दिलं की दोष तिच्यावर येतो: तिनं मागे राहणं ‘निवडलं’. हा प्रसंग कॉमिकचा. चार चौकटींत, तिला एकही वाक्य न देता, तो सांगता येतो. सात-बाऱ्याचा प्रसंग मात्र गेमचा.

## टप्पा ३. ऐकून घ्या, परवानगी घ्या

सर्वात जास्त चुका इथे होतात आणि त्या नंतर दुरुस्त होत नाहीत.

केव्हा आणि कुठे. वेचणीच्या दिवसांत दुपारी जाऊ नका. छपरीत सासू बसलेली असताना सून तिच्या हक्काबद्दल बोलणार नाही. बचत गटाची बैठक संपल्यावर किंवा शेतात तिच्याबरोबर काम करता करता बोला. मुलगा असाल तर आई, मावशी, वहिनी, कुणीतरी बाई सोबत असू द्या.

काय विचारायचं. ‘काकू, तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न टाळा. उत्तर ‘काय वाटणार बाबू’ एवढंच येतं. दिवस विचारा. कोणतं काम सोडून निघाल्या? एसटीनं की ऑटोनं, भाडं किती पडलं? लेकरं कुणाजवळ ठेवली? कार्यालयात कोण भेटलं? कोणता कागद कमी निघाला? घरी आल्यावर सर्वांत आधी कोण बोललं? गेमचे सगळे आकडे आणि अर्धे संवाद इथून मिळतात.

परवानगी तीनदा. ऐकण्याआधी, कागदी आराखडा झाल्यावर आणि प्रसिद्ध करण्याआधी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, चित्रं दाखवा, आणि ‘हे नको’ म्हणण्याचा तिचा हक्क पहिल्याच भेटीत सांगा. एकदा मान हलवली म्हणजे कायमची परवानगी मिळाली, असं धरू नका.

ओळख झाकणं. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात नाव बदलून काही झाकलं जात नाही. विहिरीची जागा, बैलजोडीचा रंग, अपघाताचं वर्ष, मुलाची शाळा, यांतलं एक राहिलं तरी आख्खा पार सांगेल की हे घर कुणाचं. दोन-तीन घरांच्या हकिकती एकत्र करा. पीक, नात्याचा क्रम, ऋतू बदला. मात्र अडचणीचं कारण बदलू नका. जात हे कारण असेल तर ती गाळून गोष्ट ‘गरिबीची’ करणं म्हणजे खोटं सांगणं.

सावधान, कायदा: लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पीडित अल्पवयीन असेल तर पॉक्सो कायद्याचं कलम २३ नाव, पत्ता, फोटो, घरचे लोक, शाळा, वस्ती, सगळ्यालाच लागू होतं. घरच्यांनी ‘चालेल’ म्हटलं तरी ते पुरेसं धरू नका.

सावधान, आत्महत्या: पद्धत, जागा, साधन आणि चिठ्ठी दाखवू नका, शब्दांतही नको आणि चित्रातही नको. खेळणाऱ्यासमोर तो पर्याय म्हणून कधीच ठेवू नका. त्या मृत्यूमुळे कर्ज फिटलं, मुलीचं लग्न झालं असं कथानक लिहू नका. खेळणाऱ्यांत तशाच घरातलं कुणीतरी असणारच, असं धरून चाला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही स्क्रीनवर टाका. तिथे मराठीत बोलता येतं.

गोष्ट तुमची स्वतःची असेल तरी परवानगीचं काम संपत नाही, कारण तुमच्या गोष्टीत तुमची मायसुद्धा आहे. तिलाही विचारा. आणि ‘आज बस कर’ म्हणणारं एक माणूस आधीच ठरवून ठेवा. जुनी जखम रात्री एकट्यानं उकरत बसण्याइतकं कोणतंही काम महत्त्वाचं नाही.

## टप्पा ४. नियम मांडा

आता बाईची वाट टप्प्याटप्प्यानं लिहा. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला. वारस नोंदीचा अर्ज आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र. तलाठ्याकडे फेरफाराची, म्हणजे नाव बदलाची, नोंद. संबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी १५ दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित, आणि मग सात-बाऱ्यावर नाव.

वारस कोण, हे नीट पाहा, कारण इथे अर्धे लेखक चुकतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गात बायको, मुलगा, मुलगी आणि मृताची आई, सगळे येतात. म्हणजे सासूही वारस आहे. मृताचे वडील, म्हणजे सासरे, पहिल्या वर्गात येत नाहीत. आणि जमीन अजून हयात सासऱ्यांच्याच नावावर असेल तर मुलाच्या नावावरून वारस नोंद होणारच नाही, ती वाट सुरुवातीलाच बंद. गावोगावी नेमकं हेच असतं. तुमच्या गेममध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते पहिल्या पानावर ठरवा.

आता किंमत लावा. फक्त दोन मोजमापं ठेवा: दिवस आणि पैसे. तिसरं न दिसणारं ठेवा: सासूचा विश्वास. कार्यालयाची एक खेप म्हणजे एक दिवस, त्या दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचं भाडं.

कपाशीनं इथे तुमचं काम सोपं केलं आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पहिल्या वेच्यात झाड भरलेलं असतं, हात भरभर चालतो. फरदडीत, म्हणजे मुख्य वेचे संपल्यावर राखलेल्या कपाशीत, तेवढ्याच वेळात निम्मा कापूसही हाती लागत नाही. म्हणजे दिवाळीच्या सुमारास तलाठ्याकडे जाणं महाग आणि फेब्रुवारीत स्वस्त. पण फेब्रुवारीपर्यंत थांबलं तर दिरानं गावभर बोलून ठेवलेलं असतं आणि हरकत येते. एवढ्या एका नियमात सगळा झगडा बसतो. कुणालाही ‘स्त्रीला हक्क मिळालाच पाहिजे’ असं म्हणावं लागत नाही. किलोचा दर आणि भाडं अंदाजानं लिहू नका, त्या हंगामात गावात विचारून लिहा.

अडथळा म्हणून खलनायक उभा करू नका. तलाठ्याकडे सज्जातली, म्हणजे त्याच्या कामाच्या हद्दीतली, अनेक गावं असतात. आज तो दुसऱ्या गावी गेला आहे, एवढंच पुरे. दार बंद, दिवस गेला. लाच मागणारा साहेब दाखवला की खेळणारा साहेबावर चिडतो आणि व्यवस्था नजरेआड होते.

‘तुम्ही जिंकलात’ नको, तारे नकोत, गुण नकोत. शेवट तीन-चार प्रकारचे असू शकतात: नाव लागलं पण सासूनं बोलणं टाकलं, नाव लागलं आणि सासूचं अन् तिचं दोघींचंही लागलं, हरकत येऊन प्रकरण लांबलं, तिनं यंदापुरतं सोडून दिलं.

तपासा: प्रत्येक निवडीत एक पर्याय उघडच बरोबर आणि दुसरा उघडच चूक वाटतो का? वाटत असेल तर ती शाळेची परीक्षा झाली. दोन्ही पर्यायांत काहीतरी गमवावं लागलं पाहिजे.

सरकारी एक लाखाच्या मदतीचं ‘पात्र-अपात्र’, बँकेचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा हप्ता, हे सगळं याच गेममध्ये कोंबायचा मोह होईल. तो दुसरा गेम आहे. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

## टप्पा ५. कागदावर खेळा

पोस्टकार्डाएवढे कागद कापा. एका कागदावर एक प्रसंग आणि खाली दोन किंवा तीन वाटा, पुढच्या कागदाच्या क्रमांकासह. पंचवीस-तीस कागद पुरतात.

नवख्यांची ठरलेली चूक अशी: प्रत्येक निवडीला नवी फांदी. पाच ठिकाणी दोन-दोन वाटा केल्या आणि एकही परत जुळवली नाही तर शेवटच ३२ होतात. एवढं लिहून होत नाही, मग अर्धे शेवट पोकळ राहतात. वाटा फुटू द्या आणि पुढच्या मोठ्या प्रसंगाशी परत जुळवा. फरक दिवस-पैशांच्या आकड्यात आणि सासूच्या एका वाक्यात ठेवा. पोळ्याचा दिवस सगळ्यांच्या वाट्याला येतो, पण कुणाच्या घरी त्या दिवशी पुरणाला पैसे असतात, कुणाच्या घरी नसतात.

कॉमिक करणाऱ्यांनी चार चौकटींपासून सुरुवात करावी. वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेनं गावोगावी वापरलेली रीत सोपी आहे: ए-फोरचे दोन कागद जोडून एक भित्तिपत्र, त्यात चार चौकटी, काळ्या शाईत, झेरॉक्स काढून भिंतीवर. पहिल्या चौकटीत माणूस आणि जागा, दुसरीत अडचण उभी राहते, तिसरीत ती टोकाला जाते, चौथीत काहीतरी बदलतं. क्रम चुकू नका: आधी संवाद लिहा, मग फुग्यांची जागा आखा, मग चित्र. चित्र आधी काढलं की फुगा तोंडावर येतो.

तपासा: चौकटींतले शब्द हातानं झाका. नुसत्या चित्रांवरून काय चाललंय ते कळतं का?

## टप्पा ६. बोली

मजूर बाईच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. आणि वऱ्हाडी फक्त हसवायला वापरू नका. नाटकांनी आणि व्हिडिओंनी तो डाग आधीच लावून ठेवलाय. ‘मले काऊन विचारता, सासऱ्याले विचारा. जमीन त्यायच्या नावानं हाय,’ हे वाक्य हसण्यासाठी नाही, त्यात तिची सगळी स्थिती आहे.

अमरावती-अकोल्याची वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदियाची झाडीबोली एकच धरू नका. गडचिरोलीत घरात गोंडी किंवा माडिया बोलत असतील तर कार्यालयात मराठी बोलताना माणूस अडखळतो, आणि ते अडखळणं हाच तुमच्या गोष्टीतला अडथळा असू शकतो. निवेदन सोप्या प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, ही विभागणी बहुतेक ठिकाणी चालते. लिहून झालं की त्याच गावच्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. जिथे तो आपोआप शब्द बदलून वाचतो, तिथे त्याचा शब्द घ्या.

## टप्पा ७. चित्रं

इंटरनेटवरच्या फोटोंवरून काढलेलं ‘खेडं’ कुठलंच नसतं. स्वतःच्या गावात फिरून रेखाटनं करा: अर्धे कवेलू (कौलं) काढून त्या जागी बसवलेली टिनं, अंगणातला रांजण, पाठीवरचा पंप, सरपणाला रचलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), भाव वाढेल म्हणून खोलीत छतापर्यंत भरलेला कापूस आणि त्याच खोलीत अंग खाजवत झोपलेली लेकरं. हे दृश्य भेगाळलेल्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. शिवाय आपल्याकडे काळ्या जमिनीत पाणी साचूनही पीक जातं, म्हणून दर वेळी ऊनच काढायची गरज नाही.

भित्तिपत्रासाठी पेन्सिल आणि राखाडी छटा टाळा, झेरॉक्समध्ये त्या पुसट होतात किंवा डागाळतात. कडेला एक सेंटीमीटर मोकळं सोडा, यंत्र कडा खातं. फुग्यातल्या ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा, वेलांट्या, रफार आणि उकार एकमेकांत घुसतात.

## टप्पा ८. आता संगणक

पहिल्या गेमसाठी ट्वाइन (Twine) घ्या. ते मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, आणि तुमचे कागद जसेच्या तसे चौकोन म्हणून मांडता येतात. वाट जोडायला [[तलाठ्याकडे जा->तलाठी]] असं लिहिलं की झालं. पात्रांची चित्रं, आवाज आणि अँड्रॉइड ॲप हवं असेल तर रेनपाय (Ren'Py). तेही मोफत आहे, पण मेहनत जास्त.

चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

ट्वाइनचं ब्राउझरमधलं काम त्या ब्राउझरमध्येच साठतं. नेट कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी ब्राउझर साफ केला की सगळं गेलं. रोज उठताना फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घ्या.

ट्वाइनमधून निघणाऱ्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये चित्रं आपोआप येत नाहीत. तुमच्या लॅपटॉपवर दिसतात, दुसऱ्याच्या फोनवर रिकामा चौकोन दिसतो. चित्रं लहान करून फाइलमध्येच मजकूर रूपात (base64 करून) बसवा, किंवा सगळं एका फोल्डरमध्ये ठेवून झिप करा. इच.आयओ (itch.io) या गेम ठेवायच्या वेबसाइटवर चढवताना मुख्य फाइलचं नाव index.html असंच असावं लागतं.

फॉन्ट. काम सुरू करायच्या आधी एक ओळ टाइप करून पाहा: ‘वऱ्हाडातल्या दुसऱ्या वर्षीचं कर्ज, क्षेत्र, पिढी’. ऱ्ह तुटला, रफार सरकला किंवा ‘पि’ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर ते साधन किंवा ती आवृत्ती सोडा. ब्राउझरमध्ये हा त्रास सहसा होत नाही. रेनपाय ८.२ पासूनचंच घ्या आणि त्यात देवनागरी फॉन्ट स्वतः घाला. ‘मुक्त’ (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. फॉन्ट इंटरनेटवरून ओढू नका, रेंज नसलेल्या शिवारात तो येणार नाही.

कॉमिक व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की अक्षरं फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फोनसाठी चारही चौकटी एकाखाली एक अशी वेगळी प्रत करा. छपाईची प्रत ३०० डीपीआयवर स्कॅन करा.

## टप्पा ९. गावात चाचणी

किमान तीन माणसं हवीत: ज्यानं हे भोगलं आहे, जो टेबलाच्या पलीकडे बसतो, आणि जो फोनवर नुसत्या मारामारीच्या गेम खेळतो. पहिल्याकडून खरेपणा तपासला जातो, दुसऱ्याकडून कागदपत्रांच्या चुका कळतात, तिसऱ्याकडून कुठे कंटाळा येतो ते.

फोन त्यांचा, जुनाच, उन्हात. तुम्ही बाजूला बसा आणि गप्प राहा. समजावून सांगावंसं वाटेल, सांगू नका. गेम दुसऱ्या गावात पोचेल तेव्हा तुम्ही सोबत नसाल. अंगठा कुठे थांबला तेवढं लिहा. संपल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका, गावात कुणी नाही म्हणत नाही. ‘बाईचं काय झालं, सांगा बरं’ असं विचारा. त्यांच्या तोंडून निघालेली गोष्ट तुमच्या गोष्टीपेक्षा वेगळी असेल तर दुरुस्ती नियमात करा, सूचनांच्या पानात नाही.

भोगलेल्या माणसाला खेळवताना कोणत्याही क्षणी बंद करता येईल असं बटण दिसत राहू द्या. ती उठून गेली तर मागे जाऊन मत विचारू नका. दुसऱ्या दिवशी भेटा.

## टप्पा १०. लोकांपुढे ठेवताना

तिसरी परवानगी आत्ता घ्या, तयार झालेलं काम हातात देऊन. कुणाचे शब्द, कुणाची हकिकत, कुणाची चित्रं, हे त्यांना हवं असेल तरच नावासह लिहा. त्यातून बक्षीस किंवा पैसे मिळाले तर वाटा किती, हे आधीच बोलून ठेवा.

भित्तिपत्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचं तर विचारून लावा, आणि पहिल्या दिवशी तिथे उभे राहा. लोक बोलतील, काही भांडतील. गेम बचत गटाच्या बैठकीत एका फोनवर सगळ्यांनी मिळून खेळायला द्या. कोणती वाट घ्यायची यावर बायकांमध्ये जो वाद होतो, तो एकट्यानं खेळण्यात होत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी एकीनं मोठ्यानं वाचावं. त्या दिवशी वारस नोंदीच्या कागदांची यादी छापील घेऊन जा, कारण खेळ संपल्यावर पहिला प्रश्न तोच येतो: ‘खरंच नाव लागते का, कोणते कागद लागतात?’

दर खरिपाआधी फाइल एकदा उघडा. मजुरीचा दर, भाडं, अर्जाची पद्धत आणि हेल्पलाइन तपासून बदला. बदललेल्या प्रतीच्या पहिल्या स्क्रीनवर महिना आणि वर्ष टाका, म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरत असलेली जुनी प्रत ओळखू येईल.